आईच्या पत्राचे वजन

दोस्तोयेव्स्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ या कादंबरीविषयी बोलायचे म्हटले की बोलणे बहुधा कुऱ्हाडीपासून सुरू होते. पीटर्सबर्गमधला एक गरीब विद्यार्थी, वस्तू गहाण ठेवून घेणारी एक म्हातारी आणि असामान्य माणसाला रक्त सांडण्याचा हक्क असतो हा त्या विद्यार्थ्याचा सिद्धान्त, एवढ्या तीन गोष्टी हातात आल्या की कादंबरी कळली असे आपण धरून चालतो. मी आज सुरुवात एका पत्रापासून करणार आहे. पहिल्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात त्या विद्यार्थ्याला, रास्कोल्निकोवला, त्याच्या आईचे पत्र येते. मोलकरीण नस्तास्याने पोस्टमनला पदरचे तीन कोपेक देऊन ते घेऊन ठेवलेले असते. पत्र जाडजूड आहे. लेखक त्याचे वजनसुद्धा सांगतो, दोन लोट, म्हणजे आपल्या मापाने साधारण पंचवीस ग्रॅम. रास्कोल्निकोव पांढराफटक पडतो, नस्तास्याला घाईघाईने बाहेर घालवतो, एकटा झाल्यावर पाकिटाला ओठ लावतो आणि पत्त्याचे बारीक, तिरपे अक्षर बराच वेळ न्याहाळत राहतो. ते अक्षर आईचे आहे, आणि त्याला लिहायला-वाचायला त्याच आईने शिकवलेले आहे. वाचताना जवळजवळ सारा वेळ त्याचा चेहरा आसवांनी भिजलेला असतो. वाचून संपते तेव्हा मात्र ज्या ओठांनी पाकिटाचे चुंबन घेतले त्याच ओठांवर एक जड, कडवट, विखारी हसू आलेले असते. चुंबन आणि ते हसू यांच्यामध्ये दोन मोठे कागद भरून लिहिलेले पत्र आहे. त्या पत्रात असे काय होते, हा माझा आजचा विषय.

मराठीत आईबापांचे ‘पांग फेडणे’ असे आपण म्हणतो. कर्ज फेडणे वेगळे आणि पांग फेडणे वेगळे. कर्जाला आकडा असतो, मुदत असते, आणि शेवटचा हप्ता गेला की माणूस मोकळा होतो. पांग म्हणजे उणीव, दैन्य. आपल्यासाठी जो झिजला त्याचे दैन्य संपवायचे, ही त्या शब्दातली अपेक्षा आहे, आणि तिला आकडा नसतो. या कादंबरीविषयी माझे म्हणणे असे की रास्कोल्निकोवचे मन ज्या ओझ्याखाली मोडते ते ओझे या पांगाचे आहे. दारिद्र्य त्याला सोसवते. उपाशी राहणे, फाटके कपडे, थकलेले भाडे यांची त्याला सवय झालेली आहे. सिद्धान्तही त्याच्या डोक्यात कितीतरी महिने निरुपद्रवी पडून होता. जे सोसवत नाही ते हे की आपल्यासाठी दोन बायका स्वतःला खर्ची घालत आहेत, त्या प्रेमाने घालत आहेत, आणि त्यांना थांबवायला आपल्याकडे काही नाही. त्या असह्य स्थितीतून सुटण्याचा रस्ता त्याला सिद्धान्ताने दाखवला, हे खरे. पण आधी कोंडी होती, मग रस्ता दिसला. हा क्रम उलटा लावला की कादंबरीतली आई आणि बहीण मागच्या पडद्यावर रंगवलेली चित्रे होऊन बसतात, आणि माझ्या मते कादंबरीवर झालेला सर्वांत मोठा अन्याय तोच आहे.

आता पत्रच उघडू. आईला, पुल्खेरिया अलेक्सांद्रोव्नाला, वर्षाकाठी 120 रूबल निवृत्तिवेतन मिळते, नवऱ्याच्या मागे मिळणारे. चार महिन्यांपूर्वी तिने मुलाला 15 रूबल पाठवले होते ते याच निवृत्तिवेतनाच्या तारणावर गावच्या एका व्यापाऱ्याकडून उसने घेऊन. ते फिटेपर्यंत तिला आणखी काही पाठवता आले नाही. हे ती तक्रार म्हणून लिहीत नाही. इतके दिवस पत्र का लिहिले नाही याची सफाई देता देता ते येऊन जाते, घरात वावरताना दाराआडची रिकामी कणगी दिसावी तसे. पुढे बहीण दून्याची हकिगत. दून्या स्विद्रिगाइलोव नावाच्या जमीनदाराच्या घरी मुलांना शिकवायला होती. त्या जमीनदाराची तिच्यावर वाईट नजर होती. तिची सगळीकडे नालस्ती झाली, मग खरे काय ते उघड झाले, आणि आता लूझिन नावाच्या पंचेचाळिशीच्या, पैसेवाल्या, सरकारी हुद्दा असलेल्या गृहस्थाशी तिचे लग्न ठरले आहे. प्रेम आहे असे आई म्हणत नाही. दून्या रात्रभर खोलीत येरझारा घालत होती, शेवटी गुडघे टेकून तिने प्रतिमेपुढे कितीतरी वेळ प्रार्थना केली आणि सकाळी ठरल्याचे सांगितले, एवढेच ती लिहिते. लूझिन पुढे रोद्याला, म्हणजे रास्कोल्निकोवला, हाताशी धरील, कामाला लावील, कदाचित भागीदारही करून घेईल, या आशेवर तिचे पान भरून वाहते. आपण दोघी नव्वद वेर्स्ट ओळखीच्या शेतकऱ्याच्या गाडीतून जाऊ आणि तिथून तिसऱ्या वर्गाने सुखाने येऊ, असेही ती लिहिते. वेर्स्ट म्हणजे किलोमीटरपेक्षा थोडे जास्त, तेव्हा बैठ्या गाडीतला हा प्रवास काही लहान नाही.

या पत्रातला सर्वांत जड मजकूर मात्र ओझरत्या दोन-तीन वाक्यांत आहे आणि वाचक तो सहसा ओलांडून पुढे जातो. आदल्या वर्षी रास्कोल्निकोवला घरून 60 रूबल आले होते. दून्याने साठवलेले पैसे आहेत असे तेव्हा त्याला कळवले होते. आई आता सांगते की ते खरे नव्हते. दून्याने नोकरीवर जाताना 100 रूबल उचल घेतली होती, मुख्यतः त्याला हे 60 पाठवता यावेत म्हणून. आणि ती उचल पगारातून फिटेपर्यंत तिला ते घर सोडता येत नव्हते. स्विद्रिगाइलोव तिच्या मागे लागला असताना ती तिथेच राहिली याचे एक मोठे कारण ही उचल. म्हणजे ज्या पैशांवर रास्कोल्निकोव पीटर्सबर्गात जगला, ते त्याच्या बहिणीला त्या घरात अडकवून ठेवणारे पैसे होते. तो ते खाऊन बसला आहे. परत करायचे म्हटले तरी ते आता परत होत नाहीत, कारण ज्या दिवसांत ती तिथे अडकून पडली ते दिवस निघून गेले. नकळत घेतलेले असे उपकार माणसाच्या अंगावर मागाहून येतात तेव्हा नाकारण्याची संधीसुद्धा गेलेली असते. तुला खरे कळवले असते तर तू सगळे टाकून पायी चालत आला असतास, म्हणून कळवले नाही, असे आई लिहिते, आणि ते खरे आहे. मुलाला त्रास होऊ नये म्हणून लपवलेली गोष्ट त्याला एकदम, व्याजासकट, एका पाकिटातून मिळते. कुटुंबातल्या काळज्या अशाच वाढतात. प्रत्येक जण दुसऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून आपले दुखणे झाकतो, आणि झाकलेल्या दुखण्यांची बेरीज शेवटी सर्वांत दुबळ्या मनाच्या माणसाच्या डोक्यावर येऊन पडते.

रास्कोल्निकोव पत्र घेऊन रस्त्यावर येतो, आणि पुढचे सगळे प्रकरण म्हणजे त्याने त्या पत्राचे चालता चालता केलेले वाचन आहे. आईने जे लिहिले नाही ते तो वाचतो. लूझिन सामानाची मोठी पेटी स्वखर्चाने पाठवतो आणि नवरी मात्र शेतकऱ्याच्या गाडीतून येते, ही विसंगती त्याच्या बरोबर डोळ्यांत भरते. आई लोकरीचे रुमाल विणते, बाह्यांवर भरतकाम करते, म्हातारपणी डोळे फोडून घेते आणि त्यातून 120 रूबलांत वर्षाला जेमतेम 20 रूबलांची भर पडते, हा आकडा त्याला पाठ आहे. दून्या स्वतःच्या सुखासाठी स्वतःला कधी विकणार नाही हे तो जाणतो. दुसऱ्यासाठी, भावासाठी, आईसाठी मात्र विकील. आणि इथे त्याला सोन्या आठवते, आदल्याच दिवशी गुत्त्यात जिची हकिगत त्याने तिच्या बापाच्या तोंडून ऐकली ती मार्मेलादोवची मुलगी. दून्याचे लग्न आणि सोन्याचा धंदा यांत त्याला फरक दिसत नाही. दिसला तर इतकाच की सोन्याच्या घरी पोरे उपाशी मरत होती, आणि दून्याच्या बाबतीत थोड्या जास्तीच्या सुखाचा प्रश्न आहे. मग तो स्वतःला विचारतो: हे होऊ द्यायचे नाही, पण थांबवणारा तू कोण? त्यांना तू काय देणार? दहा वर्षांनी शिकून वर येशील तोवर आई रडून आणि विणून आंधळी झालेली असेल, आणि बहिणीचे काय झालेले असेल? याच विचाराच्या टोकाशी, याच रस्त्यावर, त्याच्या मनात ती जुनी कल्पना पुन्हा उभी राहते. लेखकाने इथे नेमके सांगून ठेवले आहे की महिन्यापूर्वी, इतकेच काय कालपर्यंत, ती नुसती कल्पना होती. आता ती नव्या, अनोळखी, धमकावणाऱ्या रूपात आली. कालच्या आणि आजच्या मध्ये नवे असे एकच घडले आहे: पत्र आले.

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप सरळ आहे. रास्कोल्निकोवचा गुन्ह्यावरचा लेख पत्राच्या कितीतरी आधीचा. विद्यापीठ सोडले तेव्हा, सहाएक महिन्यांपूर्वी, त्याने तो लिहिला. म्हातारीकडे तो आधी जाऊन आलेला आहे. आदल्या दिवशी तर तो तालीम केल्यासारखा तिच्या घरी गेला. आपल्या फाटकापासून तिच्या फाटकापर्यंत बरोबर 730 पावले आहेत हे त्याने मोजून ठेवलेले आहे. मग पत्राला एवढे महत्त्व का द्यायचे? आक्षेपातली माहिती बरोबर आहे, पण ती आणखी जवळून पाहिली पाहिजे. रास्कोल्निकोवकडे गहाण टाकण्यासारख्या दोनच वस्तू होत्या. एक म्हणजे तीन लाल खड्यांची छोटी सोन्याची अंगठी, निरोप घेताना दून्याने आठवण म्हणून दिलेली. दुसरी म्हणजे वडिलांचे जुने चांदीचे घड्याळ. दीड महिन्यापूर्वी तो म्हातारीकडे पहिल्यांदा जातो तो बहिणीची अंगठी घेऊन. अंगठीचे दोन रूबल खिशात घालून तो एका गुत्त्यात चहाला बसतो, आणि तिथेच शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी एका अधिकाऱ्याला सांगताना ऐकतो की असल्या म्हातारीला मारून तिच्या पैशांतून शेकडो जीव वाचवावेत, एका मरणाच्या बदल्यात शंभर जगणी, हे साधे अंकगणित आहे. तालमीच्या दिवशी तो जातो तो वडिलांचे घड्याळ घेऊन. चार रूबल मागतो, म्हातारी दीड देते, जुने आणि नवे व्याज आधीच कापून घेते, आणि त्याच्या हातावर 1 रूबल 15 कोपेक पडतात. तेव्हा पत्र येण्याआधीही त्या दाराशी त्याला घेऊन गेले ते घरच. बहिणीची माया दोन रूबलांना आणि बापाची आठवण सव्वा रूबलाच्याही आत जाते हे त्याने आपल्या तळहातावर मोजलेले आहे. खुनानंतर तो तपास अधिकारी पोर्फिरीकडे जातो ते याच दोन वस्तूंच्या निमित्ताने. वस्तू मोलाच्या नाहीत, पण घड्याळ हरवल्याचे आईला कळले तर ती हाय खाईल, असे तो तिथे सांगतो. पुढच्या क्षणी आपले बोलणे खोटे वाटले नाही ना, या धास्तीने थरथरतो. ते वाक्य बचाव म्हणून उच्चारलेले आहे आणि खरेही आहे.

शिवाय त्या विद्यार्थ्याचे अंकगणित रास्कोल्निकोवला पटले का, हाही प्रश्न आहे. 1860 नंतरच्या रशियात असे हिशेब हवेत होते. चेर्निशेव्स्कीची ‘काय करावे’ 1863 साली आली होती आणि शहाण्या स्वार्थातून सगळ्यांचे भले साधते हा विचार तरुणांच्या तोंडी होता. दोस्तोयेव्स्की त्या विचाराशी भांडत होता यात शंका नाही. पण गुत्त्यातला तो विद्यार्थी बोलून घरी जातो, कोणाला मारत नाही. रास्कोल्निकोवच्या कानाला ते अंकगणित ओळखीचे वाटले, कारण त्याच्या घरात तेच चालू होते. एकाच्या जिवावर दुसऱ्यांचे जगणे: दून्याने स्वतःला देऊन भाऊ उभा करायचा, सोन्याने स्वतःला देऊन सावत्र भावंडे जगवायची. मार्मेलादोवच्या घरातले ते दृश्य आठवा. सोन्या पहिल्यांदा बाहेर जाऊन परत येते, सावत्र आईपुढे टेबलावर गुपचूप तीस रूबल ठेवते, घरात सगळ्यांनी मिळून वापरायची हिरवी शाल डोक्यावरून घेते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. तिचे खांदे आणि अंग तेवढे हलत असते. जिने टोचून बोलून तिला घराबाहेर काढले ती कातेरीना इवानोव्ना मग सबंध संध्याकाळ तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसून तिचे पाय चुंबत राहते. घर कसे चालते हे रास्कोल्निकोवला इथे कळले. घरे कोणाच्या तरी बळीवर चालतात आणि बळी जाणारी नेहमी मुलगी असते. त्याने त्या अंकगणितात एकच बदल केला: बळी आपल्या माणसाचा नको, परक्याचा देऊ, आणि तोही कोणाला नको असलेल्या परक्याचा. प्रत्यक्षात त्याच्या कुऱ्हाडीखाली आणखी कोण आले ते पाहा. लिझावेता, म्हातारीची सावत्र बहीण. रात्रंदिवस राबून सगळी कमाई बहिणीच्या हाती देणारी, आणि बहिणीच्या मृत्युपत्रात जिला सामानसुमानापलीकडे काही नाही अशी. ज्याला एक बहीण वाचवायची होती त्याने दुसरी बहीण मारली. लेखकाने ही गाठ योगायोगाने मारलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक भारी आहे, कारण तो खुद्द रास्कोल्निकोवचा आहे. सोन्यापुढे कबुली देताना तो कारणांमागून कारणे सांगतो. लुटायला मारले, नेपोलियन व्हायचे होते म्हणून मारले, आईकडे काही नव्हते, बहीण दुसऱ्यांच्या घरी खितपत होती, म्हणून मारले. आणि मग सगळे झटकून टाकतो: आईला मदत करण्यासाठी मी मारले हे खोटे आहे, मी स्वतःसाठी मारले, मी किडा आहे की माणूस हे पाहण्यासाठी मारले. त्याच्या या शेवटच्या बोलण्यावरच बहुतेक टीकाकार विसावतात. त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. लुटीचे पाकीट त्याने उघडून पाहिले नाही. वोझ्नेसेन्स्की रस्त्यालगतच्या एका आवारात दगडाखाली पुरून ठेवले, आणि आत 317 रूबल आणि वीस-वीस कोपेकांची तीन नाणी होती हे त्याला खटल्याच्या वेळी कळले. आईसाठी खून करणारा पैसे असे टाकून देईल का? मला वाटते, देईल, आणि याचे कारण पांग या शब्दातच आहे. मदत करणे ही एक गोष्ट, आणि ज्याला मदत करावी लागते असा माणूस न उरणे ही दुसरी. रास्कोल्निकोवला दुसरी हवी होती. मी किडा आहे का, हा प्रश्न त्याला आकाशातून पडलेला नाही. घरच्यांच्या जिवावर जगणारा, शिकवण्या गमावलेला, कोळ्यासारखा कोपऱ्यात दडून बसलेला, नस्तास्याने जेवण आणले तर खाणारा आणि नाही आणले तर तसाच पडून राहणारा, असे स्वतःचे वर्णन तो याच कबुलीत करतो. आईचे सर्वस्व, घराचा आधार असे ज्याला पत्रात म्हटले आहे तो स्वतःला या रूपात पाहतो. त्या दोन चित्रांमधली दरी त्याला एका घावात ओलांडायची होती. म्हणून तो म्हणतो त्याप्रमाणे त्याने स्वतःसाठी मारले हे खरे. पण ज्या ‘स्व’साठी मारले तो आईच्या पत्राने घडवलेला, तिच्या आशेच्या मापाचा ‘स्व’ होता. कारणांपैकी एक खरे ठरवून बाकीची खोटी ठरवण्याची घाई रास्कोल्निकोवला आहे. वाचकाने ती करू नये.

तिसऱ्या आक्षेपासाठी फार थांबायला नको. हा सगळा आजाराचा प्रकार आहे, असे कादंबरीतच कितीजण म्हणतात. डॉक्टर झोसिमोवला त्याच्यात एकाच वेडाने पछाडल्याची लक्षणे दिसतात, आणि पैसे वापरले नाहीत म्हणून न्यायालयातही तात्पुरत्या वेडाचा नव्याने रूढ होऊ लागलेला सिद्धान्त पुढे येतो. शिक्षा आठ वर्षांच्या सक्तमजुरीवर थांबते. त्याचे मन आजारी आहे हे कोण नाकारील? पण आजार हे उत्तर दिले की कशाने, हा प्रश्न विचारायचे आपण थांबतो. त्याच्या तापातसुद्धा घरच आहे. खुनाच्या आदल्या दिवशी पडलेल्या स्वप्नात तो सात वर्षांचा आहे, वडिलांचे बोट धरून आजीच्या आणि सहा महिन्यांच्या होऊन गेलेल्या धाकट्या भावाच्या कबरीकडे निघाला आहे. वाटेत दारुडे लोक एका मरतुकड्या घोडीला मरेपर्यंत मारतात, आणि वडील एवढेच म्हणतात की आपल्याला काय करायचे, चल. तो मेलेल्या घोडीच्या रक्ताळल्या तोंडाला मिठी मारतो. जिच्यावर पेलवत नाही इतके ओझे लादले आहे तिला वाचवायला धावणारा मुलगा आणि काही न करू शकणारा बाप, हे त्याच्या मनाचे तापाने उघडे केलेले दालन आहे.

यावर कोणी विचारील, मग तुम्ही आईला दोषी ठरवता काय? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाही, पुल्खेरिया अलेक्सांद्रोव्ना हिशेब मांडणारी बाई नाही. हिशेब मांडतो लूझिन: हुंडा नसलेली, हालअपेष्टा पाहिलेली मुलगी त्याला मुद्दाम हवी आहे, कारण अशी बायको नवऱ्याला जन्मभर उपकारकर्ता मानते, आणि हे तो बोलूनही दाखवतो. लूझिनचे उपकार रास्कोल्निकोव एका क्षणात धुडकावून लावतो, कारण उघड मांडलेला हिशेब नाकारता येतो. आईचे प्रेम नाकारता येत नाही, कारण ती काहीच मागत नाही. पत्राच्या शेवटी ती फक्त विचारते की तू पूर्वीसारखी देवाची प्रार्थना करतोस ना, आणि तो लहानपणी तिच्या मांडीवर बसून बोबड्या शब्दांत प्रार्थना म्हणायचा याची आठवण काढते. जिथे काही मागितलेले नाही तिथे काही दिले म्हणजे संपले असे होत नाही. दोस्तोयेव्स्कीला घरच्या ओझ्याची ही जात ठाऊक होती. 1864च्या एप्रिलमध्ये त्याची पत्नी वारली, जुलैमध्ये भाऊ मिखाईल. भावाच्या ‘एपोखा’ मासिकाचे कर्ज आणि भावाची बायकामुले त्याने आपल्या अंगावर घेतली, आणि पुढच्या वर्षी मासिकही बंद पडले. 1865मध्ये वीसबाडेनला जुगारात सगळे घालवून बसला असताना, हॉटेलने जेवण बंद केलेले असताना, त्याने संपादक कातकोवला या कथेचा आराखडा लिहून पाठवला आणि 300 रूबल आगाऊ मागितले. त्या आराखड्यातसुद्धा विद्यार्थी म्हातारीला मारतो ते आईला सुखी करण्यासाठी आणि जमीनदाराच्या घरी अडकलेल्या बहिणीला सोडवण्यासाठी. पुढे त्याने हाती असलेला खर्डा जाळला आणि आत्मकथनाचा बाज सोडून कादंबरी तृतीयपुरुषी नव्याने लिहिली. 1866मध्ये ती ‘रुस्की वेस्तनिक’मध्ये क्रमशः आली. निवेदन मुलाच्या तोंडून निघाले नाही म्हणून आईच्या पत्राला आपला स्वतंत्र आवाज राखता आला. ते आपण तिच्या अक्षरात, तिच्या चालीने वाचतो, आणि मग मुलाचे हसू पाहतो. दोघांपैकी कोणालाही लेखक खोटे पाडत नाही.

खुनानंतर आई आणि बहीण पीटर्सबर्गात येतात. त्याच्या खोलीत दीड तास वाट पाहून थकलेल्या त्या दोघी आनंदाने ओरडून त्याच्या अंगावर झेपावतात, आणि तो मेल्यासारखा उभा राहतो. त्यांना कवेत घ्यायला त्याचे हात वर होत नाहीत. तो एक पाऊल टाकतो, झोकांडतो आणि बेशुद्ध पडतो. माझ्या दृष्टीने कादंबरीतली शिक्षा इथे सुरू होते, न्यायालयाच्या कितीतरी आधी. ज्यांच्या पांगातून सुटण्यासाठी घाव घातला त्यांनाच आता हात लावता येत नाही. घरून आलेले 35 रूबल एव्हाना त्याने कपड्यांवर आणि बरेचसे मार्मेलादोवच्या विधवेला देऊन संपवले आहेत. घेतलेले कोणाला तरी देऊन टाकायची ही त्याची घाईसुद्धा त्याच दुखण्यातली. पुढे तो या दोघींचा राग राग करतो, त्यांचे जवळ असणेही त्याच्या शरीराला सहन होत नाही, आणि शेवटी एका अंधाऱ्या बोळात, दिव्यापाशी, तो त्या दोघींना मित्र रझुमिखिनवर सोपवून निघून जातो. त्या संध्याकाळपासून रझुमिखिन त्या घरचा मुलगा आणि भाऊ होतो. रझुमिखिनही गरीबच आहे, त्यानेही विद्यापीठ सोडले आहे. पण तो भाषांतरे करतो, चार पैसे मिळवतो, दुसऱ्याकडून घ्यायला आणि दुसऱ्याला द्यायला त्याला लाज वाटत नाही.

रास्कोल्निकोवची गाठ सुटते कशी, याचा माग मला सोन्यापाशी लागतो. सोन्याही त्याच्यासाठी स्वतःला देते, सायबेरियापर्यंत मागे जाते. मग तिचे प्रेम त्याला आईच्या प्रेमासारखे का चिरडत नाही? कारण सोन्या मागते. कबुली ऐकल्याबरोबर ती सांगते की ऊठ, चौकात जा, मातीला ओठ लाव, सगळ्यांपुढे सांग. त्याने काहीतरी द्यायचे आहे आणि ते त्याला देता येण्यासारखे आहे. आणि एकदा मागण्याची ही भाषा कळल्यावर तो आईकडे जातो तेव्हा तोही पहिल्यांदा मागतो. सहाव्या भागात, शरण जाण्याच्या दिवशी, आई त्याचा तो लेख तिसऱ्यांदा वाचत बसलेली आहे. त्यातले फारसे तिला कळत नाही, मुलगा मोठा माणूस होणार एवढे मात्र कळते. तो विचारतो, माझ्याविषयी काहीही ऐकलेस तरी आजच्यासारखी माया करशील? माझ्यासाठी प्रार्थना कर. तो तिच्या पायांवर पडतो, आणि या वेळी दोघे एकमेकांना मिठी मारून रडतात. जे हात काही दिवसांपूर्वी वर होत नव्हते ते आता होतात. त्याने तिला काही आणून दिलेले नाही. तिचे दैन्य तसेच आहे. त्याने तिच्याकडे हात पसरला आहे, इतकेच.

उपसंहारात आई आजारी पडते. मुलगा कुठे गेला हे तिला कोणी सांगत नाही, आणि तीही विचारत नाही. पुन्हा एकदा या घरात जो तो दुसऱ्यासाठी काहीतरी झाकत असतो. मग एके दिवशी ती ठामपणे सांगते की रोद्या आता येईल, जाताना नऊ महिन्यांनी येईन असे तो म्हणाला होता. ती घर आवरू लागते, त्याच्यासाठी ठेवलेल्या खोलीतले सामान पुसते, पडदे धुऊन पुन्हा टांगते. दोन आठवड्यांत ती तापाने जाते, आणि तापातल्या तिच्या बडबडीतून घरच्यांना कळते की त्यांना वाटले होते त्यापेक्षा तिला पुष्कळ जास्त कळलेले होते. सायबेरियात नदीच्या काठी सोन्या जुनीच हिरवी शाल पांघरून रास्कोल्निकोवच्या शेजारी येऊन बसते आणि भीत भीत हात पुढे करते. एरवी तो हात नाखुशीने घेणारा रास्कोल्निकोव त्या सकाळी तो सोडत नाही. धुतलेले पडदे मात्र त्या खोलीत तसेच टांगलेले राहतात.